जॉब लावला : पेठ तालुक्यातल्या व्हीआर प्रयोगाच्या नोंदी

२९ जून २०२४, नाशिक

व्हीआरचे (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायचे) चारही हेडसेट एकदाचे एका टेबलावर आले. दोन नवे, दोन सेकंडहँड. पैसे टूलरूममधल्या (कारखान्यांना लागणारे साचे आणि हत्यारं बनवायची जागा) आम्हा सात जणांच्या वर्गणीचे. हिशेबाची वही वेगळी आहे, इथे फक्त कामाच्या नोंदी.

आधी पुठ्ठ्याचे डबे घ्यायचं चाललं होतं. गूगलने २०१४ साली काढला तो कार्डबोर्ड: पुठ्ठा, दोन भिंगं आणि आत आपलाच मोबाईल. स्वस्तात काम झालं असतं. पण मोबाईल थोड्या वेळात तापतो आणि एकसारखे मोबाईल आमच्याकडे आहेत कुठे? शिवाय त्यात मान वळवली तर चित्र वळतं, पाऊल पुढे टाकलं तर काहीच होत नाही. या हेडसेटला बाहेरून कॅमेरे आहेत, ते खोली न्याहाळून आपण कुठे उभे आहोत ते ठरवतात. मूळ तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दाखवली की मेंदू अंतराचा अंदाज आपोआप जुळवतो. चार्ल्स व्हीटस्टनने हे १८३८ मध्येच दाखवलं होतं.

पेठ तालुक्यातल्या ज्या शाळेत हे दाखवायचे तिथे रेंज नाही, म्हणून सगळे व्हिडिओ केबलने आत भरले. अंतराळ स्थानक, समुद्राचा तळ, माणसाचं हृदय, आणि पोरांना मजा म्हणून एक रोलरकोस्टर. तेरा वर्षांखालच्या कुणाला हेडसेट द्यायचा नाही असं ठरलं. म्हणजे नववी आणि दहावीच.

६ जुलै

सावळघाटात इतकं धुकं की पुढच्या एसटीचा मागचा दिवा तेवढा दिसत होता. पेठ ओलांडून आत शाळेत पोचायला साडेनऊ वाजले. शनिवारची सकाळची शाळा, त्यामुळे वेळ आधीच कमी.

हेडसेट पेटीतून काढला तर मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, हे तं सोंग आहे!" वर्ग हसला. मला कळायला वेळ लागला. इकडे बोहाड्यात लाकडी मुखवटे चढवून देवांची सोंगं निघतात, त्या मुखवट्याच्या बारीक भोकांतून आतल्याला जेमतेम वाट दिसते. पोराचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. अर्धा किलो वजन तोंडावर बांधायचं आणि बाहेरचं जग बंद करायचं, मग सोंग नाही तर काय? तेव्हापासून वर्गात हेडसेटला सोंगच म्हणतात. आता आम्हीही म्हणतो.

शार्क आल्यावर एक मुलगा स्टुलासकट मागे सरकला, "आंगावर येऊ राहिला, आंगावर येऊ राहिला!" इथपर्यंत सगळं आम्हाला हवं तसं. मग रोलरकोस्टर लावला. तिसऱ्या मुलाने हेडसेट काढून दिला, दारापर्यंत गेला आणि पायरीवर उलटी केली. चूक आमची. डोळे सांगतात आपण घसरतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं आपण स्टुलावर बसलोय, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. रोलरकोस्टर तिथल्या तिथे काढून टाकला.

ठरलेले नियम: बसूनच बघायचं. सात मिनिटांच्या वर नाही. ज्यात कॅमेरा हलतो असा व्हिडिओ दाखवायचा नाही.

१३ जुलै

आजचा विषय खोबरेल तेल.

मुलींच्या दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, आणि शनिवार असल्यामुळे चापूनचोपून लावलेलं तेल. पाच-सहा जणी झाल्यावर पट्टा बुळबुळीत, तोंडाजवळचा फोम ओला आणि भिंगावर तेलाची साय. अंतराळवीर धुक्यातून चालल्यासारखा दिसायला लागला. स्पिरिटने भिंग पुसायला निघालो होतो, आमच्यातल्या एकाने हात धरला. भिंगावरचा थर त्याने जातो, भिंगाला फक्त कोरडं मऊ फडकं चालतं. स्पिरिट बाकीच्या रबराला.

मुख्याध्यापकांची काळजी वेगळी होती. "मागच्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा अर्धं वसतिगृह लाल डोळे घेऊन बसलं होतं. एकाचं दुसऱ्याला लागलं तर पालकांना मी काय सांगू?" मुद्दा बरोबर. फोम काढून धुता येईल असं रबरी कव्हर बसवायचं, प्रत्येकानंतर पुसायचं, आणि डोळा लाल दिसला तर त्या दिवशी त्याला सोंग नाही.

तेलावरचा उपाय स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी काढला. जुन्या सुती लुगड्याच्या वीतभर रुंद पट्ट्या फाडून दिल्या, प्रत्येकाची आपली एक. कपाळाभोवती बांधायची आणि त्यावर हेडसेट. खर्च शून्य.

२७ जुलै

पाऊस. पेठ तालुक्यात वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो म्हणतात, त्यातला बराचसा आज सकाळीच पडला असावा. लाईट गेलेली, वर्गात अंधार. हेडसेट बंद-चालू करून दमलो, सारखं एकच, ट्रॅकिंग सापडत नाही. कॅमेऱ्यांना भिंती दिसल्या तर ते जागा ठरवणार. शेवटी ते ट्रॅकिंगच बंद केलं. बसून चौफेर बघायच्या व्हिडिओला त्याची गरज नाही, मान वळवलेली आतल्या जायरोस्कोपला कळते. हे आधी सुचलं असतं तर दोन तास वाचले असते.

दुसरी अडचण साधी भागाकाराची. चार सोंगं, अडतीस पोरं, सात मिनिटं, वर पुसणं, बांधणं. एका तासिकेत निम्मा वर्गसुद्धा होत नाही, आणि बाकीचे काय करणार? गलका. आज दोन गोष्टी करून बघितल्या. एक, हेडसेट घातलेल्याने जे दिसतंय ते मोठ्याने सांगत राहायचं. पोरं आधी शाळेच्या मराठीत सुरू करतात आणि अर्ध्या मिनिटात घरच्या कोकणीवर (कोकणा आदिवासींची बोली) येतात, मग बघणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांचीच करमणूक जास्त. दोन, बाजूच्या टेबलावर व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि मोजायला नटबोल्ट. हे टेबल नंतर फार कामाला आलं.

१० ऑगस्ट

काल आदिवासी दिन झाला. पोरं रात्री उशिरापर्यंत नाचलेली, आज डोळ्यांवर झोप. म्हणून हेडसेट काढलेच नाहीत. कागद वाटले आणि म्हटलं, तुम्हाला काय व्हायचंय आणि आम्हाला काय विचारायचंय ते लिहा.

निम्म्याहून जास्त वर्गाने लिहिलं, अंतराळवीर. आम्ही दाखवला म्हणून. त्याआधी याच वर्गाने विज्ञानाच्या सरांना पोलीस, शिक्षक, नर्स असं लिहून दिलं होतं. म्हणजे दीड महिन्यात आम्ही पोरांना आहे त्या वाटेवरून उचलून वाट नसलेल्या ठिकाणी नेऊन ठेवलं. एसटीत बसल्यावर हे जास्तच खुपलं.

विचारलेल्या प्रश्नांतले काही जसेच्या तसे:

"त्या बाईचं गाव कोणतं?"
"तिथं राहायला खोली भेटते का?"
"दहावीला किती टक्के पाहिजे?"
"दिवाळीला घरी सोडतात का?"
"सर, तुम्ही काय करता?"

शेवटचा वाचून मी गप्प बसलो. सहा आठवडे येतोय, आणि मी अंबडच्या टूलरूममध्ये तपासणीला आहे, डिप्लोमा केलाय, हे एकदाही सांगितलेलं नाही.

नववीतल्या एका मुलीने वेगळंच लिहिलं होतं: "आमच्या गावात पाणाड्या नारळ घेऊन फिरला. तीन बोअर कोरडे गेले. पाणी कुठं लागल हे शिकायची शाळा असते का?" मी ते विषयाबाहेरचं म्हणून बाजूला ठेवलं. ही नोंद मुद्दाम इथे करून ठेवतोय.

२४ ऑगस्ट, अंबड

परदेशी व्हिडिओ बंद. आपणच करायचे. ३६० अंशांचा कॅमेरा भाड्याने आणला आणि सुट्टीच्या दिवशी मालकांना विचारून आमच्याच शॉपमध्ये शूटिंग केलं.

या कॅमेऱ्याची गंमत अशी की त्याला पाठ नसते. शूटिंग करणाऱ्यालाही लपावं लागतं. मी सरफेस ग्राइंडरमागे बसलो होतो, तरी पहिल्या तिन्ही टेकमध्ये माझा बूट आला. चौथ्यात बूट नाही, पण चहावाला आला. तो ठेवला, कारण शॉपमध्ये चहावाला येतोच. कॅमेऱ्याची दोन भिंगं जिथे जोडली जातात त्या रेषेवर माणूस उभा राहिला तर त्याचा खांदा कापल्यासारखा दिसतो. म्हणून खडूने जमिनीवर आखून दिलं, इथे उभं राहायचं नाही. स्टँडची उंची आम्ही आधी स्वतःच्या डोळ्यांना धरून ठेवली होती. मग आठवलं, बघणारं पोर बसलेलं असणार. खाली घेतली.

सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणारं यंत्र) काम करणारी आमची एक ऑपरेटर आहे, निफाडकडची, आयटीआय झालेली. तिने मशिनचं दार उघडलं, चकमध्ये लोखंड पकडलं आणि सवयीने म्हणाली, "हा जॉब लावला." मग दार लावून सायकल स्टार्ट. पांढरं कूलंट उडतंय, आत लोखंड फिरतंय, आणि ती कॅमेऱ्याकडे बघून शांतपणे सांगतेय: दहावीनंतर दोन वर्षं टर्नर (लेथचं काम), मग अप्रेंटिस, पहिला पगार किती, त्यातलं घरी किती पाठवलं. आकडे ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे सगळं विचारायचं असतं हे आम्हाला पोरांनी शिकवलं.

१४ सप्टेंबर

व्हिडिओ दाखवला. शार्कसारखा आरडाओरडा नाही. पण सोंग काढल्यावर एकजण म्हणाला, "सर, जॉब लागतो माहीत होतं, जॉब लावतात पण?" कारखान्यात यंत्रावर चढवायच्या तुकड्याला जॉब म्हणतात हे समजावलं. दिवसभर वर्गात तेच चाललं होतं. पाटीवर पुस्तक ठेवलं तरी "जॉब लावला".

खरा प्रकार मोजमापाच्या टेबलावर घडला. मी ऐटीत सांगत होतो, हा मायक्रोमीटर एका मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो, तुमचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर, म्हणजे बघा किती बारीक काम. तेवढ्यात एका मुलाने व्हर्निअर १६ वर उघडला आणि म्हणाला, "हा एक्सपोर्टचा मणी." अठरावर नेला, "याला अजून भाव." त्याचे आई-वडील दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जातात. घडातल्या मण्यांना भोकाचं गेज लावून साईज बघतात, ते काम तो सुट्टीत करतो. मिलिमीटर म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा कमी कळत नाही, पण आजवर त्याला ते कुणी गणित किंवा विज्ञान म्हणून सांगितलेलं नाही.

मग बाकीचेही सुरू झाले. घड जीएच्या पाण्यात बुडवतात, हात चिकट होतात. विज्ञानाच्या सरांनी तो धागा पकडला, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. १९२६ साली कुरोसावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने भाताच्या एका बुरशीच्या रोगावर काम करताना त्याचा माग काढला, त्या बुरशीने रोपं नुसतीच उंच वाढून पडायची. भाताची रोपं लावलेली पोरं ती. इतकं लक्ष देऊन ऐकताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं, आणि कुणाच्या तोंडावर सोंग नव्हतं.

यावरून द्राक्षांतले औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत शूटिंग करायचं ठरलं. २०१० साली क्लोरमेक्वॅट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात माल अडकला होता, नाशिकच्या बागायतदारांना ते अजून आठवतं. तेव्हापासून तपासणीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

५ ऑक्टोबर

प्रयोगशाळेने आत कॅमेरा नको म्हणून कळवलं. ग्राहकांचे नमुने असतात, त्यांचं बरोबर आहे. विषय बंद.

३० नोव्हेंबर

दिवाळी, मग निवडणूक. शाळेत मतदान केंद्र होतं, त्यामुळे सुट्टी लांबली. बरीच मुलं अजून आलेली नाहीत, बागांच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गेली आहेत. पाणाड्यावाल्या मुलीची जागाही रिकामी. मुख्याध्यापक म्हणाले, येईल, दरवर्षी येते. आज काही केलं नाही. हेडसेट चार्ज करून परत आणले.

१४ डिसेंबर

एक स्क्रीन गेली. माझ्याच हातून. पुसलेला हेडसेट वाळायला म्हणून खिडकीत ठेवला, भिंगं बाहेरच्या बाजूला. कोवळं ऊन होतं, थंडीत बरं वाटणारं. भिंगाने तेच गोळा करून आतल्या पडद्यावर टाकलं. आता डाव्या डोळ्यासमोर पिवळट डाग आहे, मसुराच्या दाण्याएवढा. लहानपणी भिंगाने कागद जाळलेला माणूस मी, आणि हे करून बसलो. डागाचा हेडसेट आता वर्गात फिरवतो: भिंग काय करतं याचा पुरावा. चाराचे तीन झाले.

ती मुलगी परत आली आहे. आल्या आल्या विचारलं नाही, पण वर्ग सुटल्यावर दाराशी थांबली. "सर, शाळा असते का?" ऑगस्टचा कागद माझ्या फाईलमध्येच होता.

४ जानेवारी २०२५

आज शूटिंग रस्त्याचं. मुलांचे सगळे प्रश्न नोकरीच्या अलीकडचे आहेत. तिथे जायचं कसं, उतरायचं कुठे, झोपायचं कुठे. म्हणून गावच्या फाट्यापासून सातपूरच्या आयटीआयपर्यंत.

चालत्या बसमध्ये कॅमेरा लावता येत नाही, आपलाच नियम. म्हणून थांबलेल्या ठिकाणांची माळ केली: फाट्यावरची बाभूळ, उभ्या एसटीतली खिडकीची जागा, पेठ नाका, सीबीएस बसस्थानकाचा गोंधळ, सिटीलिंकच्या बसचा दरवाजा, त्र्यंबक रोडवर आयटीआयचं फाटक, आत वर्कशॉप, आणि शेवटी मुलींच्या वसतिगृहाची एक खोली. लोखंडी खाट, खाटेखाली पत्र्याची पेटी, दोरीवर ओढणी. परवानग्यांना तीन आठवडे गेले, त्यातले दोन या खोलीसाठी.

कंडक्टरने तिकिटाचं स्वतःहून सांगितलं, "बायांना निम्मं, २०२३ पासून." तेही ठेवलं. बारावीनंतर पुढे शिकताना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाच्या स्वयंम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, आणि जातपडताळणीचा अर्ज शेवटच्या महिन्यावर ढकलायचा नसतो, हे तिथल्या एका मुलीने सांगितलं. तिचं पहिलं वर्ष त्याच कागदापायी धावपळीत गेलं होतं. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, हे मी माझ्या तोंडाने बोललो. आता मीही व्हिडिओत आहे, बुटासकट.

१८ जानेवारी

भूजलाच्या सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या एक ताई मिळाल्या. मूळच्या कळवण तालुक्यातल्या. शेताच्या बांधावर कॅमेरा लावला. त्यांनी जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकल्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोनमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजायचं. सळया जितक्या लांब सरकवाल तितकं खोलवरचं कळतं. ओला मुरूम विजेला सहज जाऊ देतो, सलग काळा पाषाण अडवतो. पाषाणाला भेगा असतील तर पाणी तिथे असण्याची शक्यता. नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम, फक्त वायरच्या जागी डोंगर.

शिक्षणाचंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बारावी सायन्स, भूगर्भशास्त्रात बीएस्सी, पुण्याला एमएस्सी, आणि पहिल्याच सहामाहीत राहिलेले दोन विषय. "ते कापू नका," म्हणाल्या. कापलं नाही. पाणाड्यांना नावं ठेवायला त्या तयार झाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझंही चुकतं. पण का चुकलं ते मला वहीत शोधता येतं."

१ फेब्रुवारी

दहावीची परीक्षा २१ तारखेपासून, त्यामुळे यंदाची ही शेवटची खेप. दहावीला फक्त रस्त्याचा व्हिडिओ दाखवला. वसतिगृहाची खोली आली की जवळजवळ सगळ्या मुली वाकून खाटेखाली बघतात. का, ते विचारलं. "पेटीला कुलूप हाय का बघत व्हते," एकीने सांगितलं. होतं.

भूजलाचा व्हिडिओ आधी त्या मुलीला लावला. लुगड्याची पट्टी बांधली, सोंग चढवलं. बाकी सगळे मान फिरवून डोंगर बघतात, झाडं बघतात. ही सातही मिनिटं खाली बघत होती, सळयांकडे. समालोचन करायचं विसरली. एकदाच बोलली, ताई सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात तिथे: "पाणी शोधाया आधी पाणीच ओतत्यात?" वर्ग हसला. कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही म्हणून ओततात, हे विज्ञानाच्या सरांनी सांगितलं. तिने मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

सोंग काढल्यावर विचारलं, "वायर किती लांब होती?" मला माहीत नव्हतं. ताईंना फोन लावला, रेंज नाही. तर ती म्हणाली, असू द्या, आमच्या तीन कोरड्या बोअरमध्ये अंतर किती ते मी आधी मोजते, ते एका रेषेत आहेत का बघते.

पुढच्या खेपेला न्यायचं: रबरी कव्हरं चार, कोरडी फडकी, ताईंकडून वायरची लांबी, आणि ५० मीटरचा टेप. टेप शाळेसाठी नाही, तिने मागितलाय.